पाळण्यातला विश्वंभर

सूड माणसाला शेवटपर्यंत ताठ ठेवतो, असं रुख्मिणीबाईंचं ठाम मत होतं. इंझोरीला भावाच्या नातवाच्या बारशात त्या पाळण्यावर वाकल्या आणि कंबरेत अशी उसण भरली, की दोन बायांनी धरून त्यांना पुन्हा ताठ करावं लागलं.

बाळाला सख्खी आत्या नव्हती, म्हणून नाव ठेवायचा मान आजोबांच्या या बहिणीला. भिंतीवर फुग्यांच्या मधोमध ‘विहान’ आधीच लागलं होतं. सून योगिनीनं ते मोबाईलवर शोधलं होतं. पण कानात पडेल तेच नाव कायम, हा घरचा रिवाज. रुख्मिणीबाई तीस वर्षं असल्या एका कानाची वाट पाहत होत्या.

‘कुर्रर्र’ करून त्यांनी नाव फुंकलं. बायांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, नेमके उसणीवर.

“काय ठेवलं, रुखमे?” भाऊ दौलतरावांनी विचारलं.

“विश्वंभर.”

योगिनीनं फुग्यांकडे पाहिलं. “म्हंजे काय, आत्याबाई?”

“विष्णूचं नाव हाय. साऱ्या विश्वाचं पोट भरते, तो.” मग भावाकडे रोखून पाहत, “एकीचं बी भरू शकनार नाई, म्हनत होते काही लोक.”

मानोऱ्याच्या स्टँडवर भज्यांची गाडी लावणाऱ्या एका विश्वंभरनं रुख्मिणीला मागणी घातली होती. ‘हा काय पोसन तुले?’ म्हणत दौलतरावांनी तापल्या तेलासकट गाडी उलटवली. तो मुलूख सोडून गेला. आता तेच नाव भावानं मरेपर्यंत घ्यायचं, रोज, अंगणात, चारचौघांत, लाडानं. त्याचा चेहरा कधी उतरतो, हे त्या पाहू लागल्या.

“झकास,” दौलतराव म्हणाले. “आपल्या खानदानात कोनाचंच नव्हतं.”

“दादा, मानोऱ्याची भज्याची गाडी आठवते काय?”

“कोनती?”

“तू पालथी घातली, ते.”

दौलतरावांनी अगदी प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. “असन. तवा लय गाड्या पालथ्या घातल्या म्या.”

बाळ रडू लागलं. दौलतरावांनी त्याला छातीशी धरलं. “उगी रे राजा. कोनं मारलं माह्या विश्वंभराले?”

रुख्मिणीबाई भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“तुह्यापाशी उगी राहीन हा,” भाऊ म्हणाला. “एक डाव नावानं हाक मार न, रुखमे.”

त्यांनी हात पुढे केले. ‘वि’पर्यंत आल्या आणि बाळाचं टोपरंच सारखं करू लागल्या.

“मारन,” त्या शेवटी म्हणाल्या. “आंधी कोनाले तरी सांग, माह्या कंबरेले बाम लावून द्या.”