शांत पोरगी

फुलंब्रीत शिवराजच्या घरी सकाळपासून पोह्यांची गडबड होती. त्याच्या धाकट्या बहिणीला, मोनिकाला, बघायला वेरूळहून पाहुणे यायचे होते. खरं तर त्याच दिवशी शिवराजच्या चार वर्षांच्या श्रेयाला शहरात दवाखान्यात न्यायचं होतं. तिच्या टाळूला जन्मतः फट होती. ती शिवून झाली. पण अशा लेकरांच्या कानाच्या पडद्याआड पाणी साचून राहतं, ऐकू कमी येतं, म्हणून डॉक्टरांनी कानात बारीक नळ्या बसवायला सांगितलं होतं. शिवराजनं तारीख दुसऱ्यांदा पुढं ढकलली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्याची आई आवडाबाई म्हणाली होती. घरात खोट आहे असं कळलं की लेकीचं लग्न अडतं, ही आपल्याकडची जुनी रीत. चिकलठाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या शिवराजनंही तिच्यापुढं मान डोलावली.

पाहुणे येऊन बसले. मुलाच्या आत्यानं, वच्छलाबाईंनी, कोपऱ्यात खेळणाऱ्या श्रेयाला दोन-तीनदा हाक मारली. श्रेयानं वळूनही पाहिलं नाही.

"लई शांत पोरगी हाय."

"व्हय, गुनाची हाय आमची," शिवराज हसून म्हणाला.

याच गुणाच्या लेकीला, ऐकत नाही म्हणून, परवा त्यानं धपाटा घातला होता. दारात उभ्या बायकोकडं बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली मोनिका तिथंच थांबली. "दादा, खोटं कशाला? आत्या, तिला नीट ऐकू येत नाय. आज कानात नळ्या बसवायच्या व्हत्या, माझ्यापायी ऱ्हायलं. लेकरू झाकून माझं लगीन व्हनार असंल, तर मला नाय करायचं."

पाहुणे पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेले. त्यांनी काही कळवलं नाही. शिवराजला बहिणीचा राग यायला हवा होता. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

पुढच्याच आठवड्यात नळ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर आवडाबाई शेजारणीला हळूच म्हणाली, "कानाचं कुनाला सांगू नको बरं का."

पाठमोरी खेळणारी श्रेया गर्रकन वळली. "काय सांगू नको, आजी?"

इतकं हळू बोललेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि ते हे होतं. दारात उभ्या शिवराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो लेकीजवळ खाली बसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझ्या कानात नळ्या बसवल्यात, बाळा. आधीच बसवायला पायजे व्हत्या. तुझ्या बापानं नाय बसवल्या."