राखलेली भिंत

महेजबीनचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत कोथिंबीर घेत होतो. "सर, गुरुवारी तेल्हाऱ्याला जाऊ. तुमचा उत्खननाचा जुना खड्डा पाहायचाय." मी पैसे दिले आणि जुडी तिथेच विसरून घरी आलो.

महेजबीन माझी विद्यार्थिनी, अकोल्याची. आता पुण्याहून रोमन भांड्यांची फेरतपासणी करत हिंडते. आणि माझी सगळी कारकीर्द म्हणजे रोमन मद्यकुंभाचा एक वीतभर कान. १९९७ साली तो तेल्हाऱ्याजवळच्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावाच्या टेकाडात, सापडला. त्यावर आणि त्याच्या नोंदपत्रकावर मी काळ्या शाईने 'थर ५' लिहिलं. त्यावरून पाचवा थर दोन हजार वर्षांचा ठरला, मी प्रोफेसर ठरलो, रोमलाही एकदा जाऊन आलो.

अडचण एवढीच, की कान पाचव्या थरात नव्हता. घुशीच्या बिळात होता. बिळात वरचं खाली घसरतं; तिथल्या वस्तूवरून थराचं वय सांगता येत नाही. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतो.

ठाऊक दोघांनाच: मला आणि खणणाऱ्या देवरावला.

गुरुवारी निघालो. जीपमध्ये एकच आशा होती. खत परवडेना म्हणून लोक पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात टाकत होते. त्यांच्यावर मी संतापून लेख लिहिला होता. आता तेच लोक मला देवमाणसं वाटत होती.

पोचलो. टेकाड सपाट!

"अरेरे," मी म्हणालो आणि मनातल्या मनात गावकऱ्यांचे आभार मानले.

"ते छप्पर कसलं, सर?" महेजबीनने विचारलं.

मोकळ्या जागेच्या मधोमध पऱ्हाट्यांचं, कपाशीच्या वाळक्या झाडांचं, छप्पर होतं. त्याखालून देवराव बाहेर आला. "रामराम सायेब! लय दिस लावले."

छपराखाली आमच्या खड्ड्याची एक भिंत शाबूत उभी होती. थराथराला खिळ्याने ठोकलेल्या माझ्या अक्षरातल्या पत्र्याच्या चिठ्ठ्या.

"तुमी जातानी सांगतलं होतं न, या भिंतीले कोनाले हात लावू देऊ नोको. नऊ वर्सं झाले. सरपंचाची गाडी वापस केली म्या. सोताबी पाटीभर माती नाई नेली. बायको बोलते, लोकाईची पऱ्हाटी छातीले लागली, आपली गुडघ्याले."

सांगितलं होतं खरं. शेवटच्या दिवशी प्रत्येक मजुराला सांगतात तसं. पाचव्या चिठ्ठीशेजारी बिळाचा ताटाएवढा काळा गोल रस्त्यावरूनही दिसला असता.

"मामा, कान नेमका कुठे सापडला होता?" महेजबीनने विचारलं.

"अगं, इतक्या वर्षांनी त्याला काय आठवणार," मी कसंबसं म्हणालो.

"काहून नाई आठवत? या बिळात. म्याच काढला. सायेब तं नाचले होते!"

महेजबीनने पिशवीतून कानाचं जुनं नोंदपत्रक काढलं आणि पेनासकट माझ्यापुढे धरलं. "सर, तुम्हीच लिहा."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. निवृत्तीला तीन वर्षं होती. देवराव म्हातारा झालाय, घोटाळा करतोय, एवढं म्हटलं की मी सुटलो असतो. मी तोंड उघडलं. देवराव माझ्याकडे बघत होता, मी आता त्याची पाठ थोपटणार अशा नजरेनं.

मी 'थर ५' खोडलं. 'घुशीचं बीळ' लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं, की ते घुशीनंच लिहिल्यासारखं दिसत होतं.

"बरोबर लिवलं न, सायेब?"

"हो."

"झालं मंग." देवराव छपराच्या पऱ्हाट्या सोडू लागला. "आता माती नेऊ न मी?"