ओट्यावरची फरशी

हज्जा फौकियाचा हात भाकऱ्यांच्या चवडीसकट हवेतच थांबला. तिने आधी ओट्याकडे पाहिलं, मग पायांखाली, मग पुन्हा ओट्याकडे.

"उस्ता बदावी, हा ओटा बांधलात की जमीनच उचलून वर ठेवलीत?"

बदावी मोठ्याने हसला. इजिप्तमधल्या अख्ख्या तांता शहरात त्याच्याइतका साफ हाताचा फरशीवाला नव्हता. लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि नव्या घरातलं स्वयंपाकघर रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी करायचं. खाली घातली तीच निळी फरशी त्याने ओट्यावर चढवली होती, नक्षीला नक्षी जुळवून. आज विहीण शकुनाची पहिली भाकरी नि मीठ घेऊन आली होती.

"नख घालून बघा विहीणबाई, सांधा सापडायचा नाही. तापलेलं पातेलं ठेवा, लिंबू पिळा. डाग पडला तर मिशी उतरवीन."

"मिशी राहू द्या तुमच्यापाशी. भाकरीचा तुकडा खाली पडला तर आपण उचलून ओठांना लावतो, कपाळाला लावतो. आणि अख्खी भाकरी मी फरशीवर ठेवू?"

"अहो, नवी कोरी आहे! हिच्यावर अजून मांजरसुद्धा चाललेलं नाही."

"चाललं नसेल, पण चालायसाठीच घडवलीय ना? माझ्या सुनेच्या घरात हे चालायचं नाही. ओटा फोडा."

बदावीचं हसू विरलं. तीस वर्षं गुडघ्यांवर रांगत त्याने लोकांची घरं फरसबंद केली. त्याचं काम फोडा म्हणणारं तोंड त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आईशेजारी उभी असलेली लेक, सबाह, पुढे झाली. पिशवीतून तिने पांढरं फडकं काढलं, झटकलं आणि ओट्यावर पसरलं.

"ठेवा आता, हज्जा."

हज्जाने फडकं चाचपून पाहिलं आणि चवड त्यावर ठेवली. "पोरगी शहाणी आहे. कुणी शिकवलं गं?"

"त्यात शिकायचं काय? आमच्याकडेही बाबांनी फरशीचाच ओटा केलाय. आई रोज असंच करते."

बदावीने चमकून बायकोकडे पाहिलं. इन्शिराह मिठाची वाटी पुसत होती. तिने मान वर केली नाही. विहीण ओटा फोडायचं विसरून गोडधोडाच्या गोष्टी बोलत होती. त्यातलं एक अक्षर त्याला ऐकू आलं नाही.

घरी पोचल्यावर दारातच तो म्हणाला, "ते फडकं... मला वाटायचं, भाकरी सुकू नये म्हणून."

"सुकतही नाही."

"सव्वीस वर्षं, इन्शिराह?"

"पहिल्या भाकरीपासून."

"एकदा तरी बोलायचंस."

"काय बोलायचं? तुम्ही गल्लीतल्या माणसांना हात धरधरून ओटा दाखवायला आणत होता. आणि छान आहेच की तो. फक्त माझा हात धजला नाही."

तो स्वयंपाकघरात गेला. भाकऱ्या उचलल्या, कुठे ठेवाव्यात ते कळेना, म्हणून तिच्या हातांत दिल्या. मग त्याने फडकं बाजूला केलं. बाकी ओट्याची चकाकी केव्हाच उडाली होती, पण फडक्याखालच्या चार फरश्या सकाळीच बसवल्यासारख्या लखलखत होत्या.

मग त्याने फडकं पुन्हा अंथरलं आणि वाकून, एक डोळा मिटून, त्याच्या कडा फरश्यांच्या सांध्यांशी जुळवत बसला.