डबल बेल

पंपावरच्या बाथरूममधून बाई बाहेर आली, तेव्हा तिचं घर जागेवर नव्हतं.

घर म्हणजे बस. मोडीत निघालेली जुनी बस नवऱ्याने विकत घेतली, सीटा उपटून आत पलंग, ओटा, कपाटं बसवली आणि चाकांवरचा संसार थाटला. तो संसार आता हमरस्त्याला लागला होता. वळणावर त्याचा मागचा दिवा दिसला, मग तोही गेला. सकाळचे आठ वाजले होते, पंपाच्या पत्र्यावर दव गोठलं होतं आणि बाईच्या अंगावर गाउन, पायात सपाता, हातात टूथब्रश.

पहिलं मिनिट ती हसली. येतील वळून, म्हणाली. पाचव्या मिनिटाला तिचं हसू आटलं. हा माणूस मागे वळून बघत नाही. आयुष्यात कधी बघितलंच नाही.

तो ड्रायव्हर आणि ती कंडक्टर, एकाच बसवर अठ्ठावीस वर्षं. लग्नही त्याच फेऱ्यांमध्ये जमलं. नियम साधा होता : एक बेल थांबा, दोन बेल निघा. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, ते कंडक्टरने बघायचं. ड्रायव्हरने समोर बघायचं आणि बेल ऐकायची. नोकरीत ते ठीकच होतं, पण या गृहस्थाने घरातही तेच चालवलं. लेकीची शाळा, सासूचं आजारपण, गळकं छप्पर, सगळं मागच्या बाजूचं, म्हणजे हिच्या वाट्याचं. हिने बेल मारायची आणि स्वारी निघणार. निवृत्तीनंतर या फिरत्या घरातही त्याने पितळी घंटा ठेवली आणि तिची दोरी छताखालून पार मागपर्यंत ओढली. "शिस्त आहे आपली," म्हणाला. बाईला तेव्हा ते गोड वाटलं होतं. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

पंपावरच्या कॅन्टीनवालीने काही न विचारता आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला, चहा दिला, फोन पुढे केला. नवऱ्याचा नंबर बाईला पाठ होता. तिने अकरा वेळा लावला. पण स्टिअरिंगवर हात असताना फोन घ्यायचा नाही, हाही त्याचा नियम. नियमांच्या बाबतीत माणूस अगदी धुतल्या तांदळासारखा.

"भांडण झालं का?" कॅन्टीनवालीने शेवटी विचारलंच.

"भांडायला माणूस समोर लागतो."

मग तिने लेकीला फोन लावला. लेक ऐकूनच उसळली. "आई, तिथंच थांब. मी निघते. संध्याकाळपर्यंत तुला घरी आणते. बाबांना जाऊ दे एकटेच समुद्रावर!"

बाईने कपाभोवती धरलेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडून आणि दोरी ओढून सांधे गाठींसारखे झाले होते. थंडी पडली की चमचा धरवायचा नाही. हिवाळाभर उबेला, समुद्राकाठी राहा, डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी याला गिअरबॉक्स उघडायचा होता. दुसऱ्या वर्षी रंग द्यायचा होता. दोन्ही हिवाळे बाईने गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून काढले. यंदा कुठे चाकं हलली होती.

"नको येऊस," ती म्हणाली. "राग त्यांच्यावर आहे. समुद्रावर नाही."

एक वाजता बस परत आली. वाटेत चहाला थांबल्यावर त्याला मागचा पलंग रिकामा दिसला होता. तो उतरला, आणि बघते तर तोच चिडलेला.

"बेल न मारता उतरलीस कशी?"

टेबल पुसता पुसता कॅन्टीनवालीचा हात थांबला.

"काय म्हणालात?" बाईने विचारलं.

"उतरायचं असलं की एक बेल. चढलीस की दोन. इतकी वर्षं काय केलं आपण? मी डबल बेल ऐकली, निघालो. यात माझं काय चुकलं?"

"डिझेल भरायला उभी असलेली गाडी! उभ्या गाडीला काय थांबा म्हणून सांगू?"

"मग दोन बेल मारल्या कुणी?"

बाई सरळ बसमध्ये चढली. तो मागोमाग आला. ओट्यावरच्या भांड्यांच्या कपाटाची कडी नेहमीसारखी निसटलेली होती. तिने दाराला बोट लावलं. दार झुललं, वरचा कोपरा दोरीला अडकला. टण! दार परत आलं, परत गेलं. टण!

"या दाराने मारल्या," बाई म्हणाली. "बाजूने ट्रक गेला असेल, गाडी हलली असेल. पाच वेळा सांगितलं होतं, कडी बसवा. कालही सांगितलं."

त्याने कपाटाकडे पाहिलं. कडी बोटाने खालीवर करून बघितली.

"बरं, ते सोडा. चहाला थांबेपर्यंत अडीच तास चालवलीत. अडीच तासांत एकदाही वाटलं नाही, मागे एवढं सामसूम कसं?"

"वाटलं ना! वाटलं, तू रुसली आहेस कालच्या कडीवरून. म्हटलं, बरंच आहे, तेवढीच शांतता..."

तो थांबला, पण शब्द सुटला होता. बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विसरला असता तर तिने माफ केलं असतं, माणूस विसरतो. पण ती नव्हती, आणि त्याला बरं वाटलं होतं!

तिने पाव कापायची सुरी घेतली. त्याने घाबरून एक पाऊल मागे घेतलं. ती पलंगावर चढली आणि दोरी कापायला लागली. जुनी, तेल मुरलेली दोरी. बोटं वळेनात, सुरी निसटत होती. "दे, मी..." तो पुढे आला.

"हात लावू नका."

दोरी तुटली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बोटांच्या कळेचं की रागाचं, तिचं तिलाच कळेना. तुटलेल्या तुकड्याने तिने कपाटाची दोन्ही दारं करकचून बांधली. मग खाली उतरून कोट परत करायला गेली.

"राहू द्या," कॅन्टीनवाली म्हणाली.

"समुद्रावर कोट कशाला लागतो?" बाईने तो तिच्या हातात दिला, क्षणभर तिचा हात धरला आणि वर चढून पलंगाच्या कडेला बसली.

त्याने इंजिन सुरू केलं आणि सवयीने वाट बघत राहिला. घंटा वाजेना.

"झालं का?" समोर बघतच त्याने विचारलं.

बाई गप्प.

"अगं, निघू का?"

बाई गप्पच. मागे डिझेलसाठी थांबलेल्या ट्रकने हॉर्न दिला. मग आणखी एकाने. शेवटी त्याने पट्टा सोडला, गुडघ्यावर हात टेकत उठला आणि छताला डोकं लागू नये म्हणून वाकून मागे आला. तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मांडीवरच्या हातांकडे.

"एवढी सुजलीत?"

"दोन हिवाळे झाले."

हॉर्न वाजत होते. तो तसाच उभा राहिला.

"बघून झालं असेल तर निघा, ड्रायव्हर," बाई म्हणाली.

किनारा येईपर्यंत गाडी सहा ठिकाणी थांबली. सहाही वेळा निघण्याआधी तो उठून मागे आला, तिला बघून गेला. गुडघा दुखत होता, तरी आला. बाईने त्याला जेवायला वाढलं, पण अवाक्षर काढलं नाही. एका वाकण्याने फिटेल इतका स्वस्त तिचा राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून गरम, खारट वारा आत आला. तो बस लावायला सपाट जागा शोधत होता, पुढेमागे करत होता. गाडी थांबताच बाईने दार उघडलं आणि न सांगता उतरली. सपाता पायरीपाशी सोडल्या. वाळू चांगलीच तापलेली होती. ती पाण्याकडे चालत गेली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात मनगटांपर्यंत वाळूत खुपसले.

मागे हाका सुरू झाल्या. आधी बसच्या आतून, मग दारातून. "अगं, उतरलीस का? कुठे आहेस?"

तिने ओ दिली नाही, वळूनही बघितलं नाही. कोण उतरलं, ते आता त्याने बघावं.