अडकलेली दारं, वाकलेली झाडं

ताईच्या स्वयंपाकघराचं दार लागत नाही. दाजींनी रंधा मारला की लागतं. थोड्या दिवसांनी पुन्हा लागत नाही.

ताईच्या शिलाई मशीनवरून बॉबिन पडली की घरंगळत पलंगाखालच्या एकाच कोपऱ्यात जाते. ताई आता शोधतसुद्धा नाही. वाकते आणि थेट त्या कोपऱ्यात हात घालते.

गल्लीच्या दोन टोकांच्या खांबांमधली विजेची तार पूर्वी झोळीसारखी लोंबायची. आता ती इतकी ताणली आहे की बोट लावलं तर वाजेल.

डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याला दूध आलं आहे.

डोंगरावरची झाडं एका माणसापुढे वाकली आहेत.

यातल्या पहिल्या तीन गोष्टी बघायला कुत्रंही आलं नाही. शेवटच्या दोन बघायला बसा भरभरून माणसं येत होती. न लागणाऱ्या दाराला कोण हार घालणार?

मी पोचलो तेव्हा पायथ्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर उतारावर जंगल, आणि जंगलाची पुढची रांग खरोखरच आमच्याकडे झुकलेली. सरळसोट वाढणारी ती झाडं कमरेतून वाकल्यासारखी दिसत होती, हे मला मान्य करावं लागलं. झाडांच्या बरोबर समोर, उंच गादीवर, कॉलरला माइक टोचून डोंगरबाबा बसले होते.

"वर बघा! बघितलंत? मी काही म्हटलं का? मी काही मागितलं का? मी इथे येऊन नुसता बसलो, आणि अख्खं जंगल वाकलं! तुमची मान ताठ, झाडाची मान खाली. मग शहाणं कोण? झाड की तुम्ही?"

"झाड!" गर्दी ओरडली.

आपण लाकडाहून मठ्ठ आहोत हे इतक्या आनंदाने कबूल करणारा समुदाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

"आणि आई लेकराला काय देते?"

"दूध!"

"डोंगराने काय दिलं?"

"दूध!"

पुढच्या रांगेतली एक बाई उन्हाने घेरी येऊन पडली. तिला साक्षात्कार झाल्याचं लगेच जाहीर झालं. पाणी कुणी दिलं नाही. झऱ्याचं दूध दिलं. तिने ते ओकलं. त्यालाही साक्षात्कारातच धरलं.

*

मी काही दर्शनाला आलो नव्हतो. ताईने फोन करून बोलावलं होतं. "एकदा ये आणि आईंना समजाव. माझं त्या ऐकत नाहीत."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांच्या पलंगामागच्या भिंतीला तडा गेला होता. आधी केसाएवढा होता, आता त्यात ताईची करंगळी जात होती. ताईने बसस्टँडजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. सासूबाई हलायला तयार नव्हत्या, कारण बाबांनी गल्लीला निरोप धाडला होता: डोंगर तुम्हाला मिठी मारतो आहे, मिठीतून पळेल तो करंटा. सासूबाई हलेनात म्हणून दाजी हलेनात, आणि म्हातारीला त्या भिंतीखाली सोडून ताई कशी हलणार?

"मावशी, भिंत पडली तर?" मी विचारलं.

"पडली तर बाबा धरतील."

"बाबा तर मंडपात असतात."

"त्यांचं लक्ष असतं," त्या म्हणाल्या आणि उशाशी ठेवलेली बाटली मला दाखवली. झऱ्याचं दूध. "रोज घोटभर घेते. गुडघे हलके झालेत."

"घोटभराने गुडघेच हलके झाले का, आणखी काही?" मी ताईकडे बघून पुटपुटलो. तिने डोळे वटारले.

दाजी सुतार आहेत. गल्लीतली सगळी दारं त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी बसवलेली. त्या दिवसांत त्यांना जेवायला फुरसत नव्हती.

"काय मेहुणे, बघताय ना? ह्याचं दार, त्याचं दार! बाबा आल्यापासून हात रिकामा नाही."

"सगळ्यांची दारं एकदम का फुगली, दाजी?"

"दमट हवा."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात... लाकूडच ते. त्याचं त्याला ठाऊक."

रोज उठून अख्ख्या गल्लीची दारं तासणाऱ्या त्या गृहस्थाला, दार अडकलं म्हणजे दारच चुकलं याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. गल्लीलाही नव्हती. अडलं की तासा. सगळी गल्ली घराला दारापुरतं समजून राहत होती.

*

भूगोलाच्या बाई कपड्याचं माप द्यायला आल्या. या बाईंनी गावातल्या निम्म्या लोकांना शिकवलंय आणि त्यातल्या निम्म्यांना नापास केलंय. दाजी दुसऱ्या निम्म्यातले.

ताई खांद्याचं माप घेत होती. धक्का लागून बॉबिन पडली, घरंगळली, पलंगाखाली गेली. ताईने न बघता कोपऱ्यातून काढली.

"पुन्हा टाक," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बॉबिन. पुन्हा टाक. आता तिकडून टाक."

ताईने खिडकीजवळून टाकली. बॉबिन वळसा घेऊन त्याच कोपऱ्यात गेली.

बाईंनी माप अर्धवट सोडलं. दार बघितलं, भिंतीचा तडा बघितला, बाहेर जाऊन तार बघितली. दाजींना हाक मारली.

"अरे ए, तासणाऱ्या! उद्या सकाळी माझ्याबरोबर डोंगरावर यायचं."

"बाई, बाबांनी वर जायला मनाई केली आहे. झाडांची समाधी मोडते."

"म्हणूनच जायचं."

*

(इथे डोंगराबद्दल थोडं. कंटाळा आला तरी वाचा. गल्लीने याच गोष्टीचा कंटाळा केला होता.

डोंगर हा एकसंध गोळा नसतो. आमचा डोंगर म्हणजे दगडाच्या फळ्यांची चळत आहे. फळ्या तिरक्या रचलेल्या, आणि दोन फळ्यांच्या मध्ये पांढऱ्या चिकणमातीचा थर. डोंगर चिरत जाणाऱ्या ओढ्याच्या पलीकडच्या बाजूला या फळ्या डोंगराच्या पोटात झुकतात. तिथे काही घसरत नाही. अलीकडे, गल्लीच्या बाजूला, त्या उताराबरोबर बाहेर झुकतात. इतकी वर्षं त्यांना दोन गोष्टींनी धरून ठेवलं होतं: वरून झाडांच्या मुळांनी, खालून पायथ्याच्या खडकाने.

बाबांचे भक्त वाढले. बसा लावायला जागा पुरेना. पायथा खोदला. झाडं झुकली. ती बघायला आणखी भक्त आले. आणखी बसा. आणखी खोदलं.

कंस संपला.)

*

वर गेलो. मी, बाई, दाजी, आणि "बघू तरी" म्हणत गल्लीतले दोघे-तिघे शेजारी.

मंडपातून दिसणारी पुढची रांग ओलांडली आणि आम्ही थांबलो. आत झाडं वाटेल तशी कलली होती. हे डावीकडे, ते उजवीकडे, एक तर मागे रेललेलं, खुर्चीत पेंगणाऱ्या कारकुनासारखं. आणि सगळीकडे बुडखे. ताजे, करवतीने कापलेले.

"हे कुणी तोडलं?" एक शेजारी म्हणाला.

दाजी चपलेने भुसा उकरू लागले.

"बोल की," बाई म्हणाल्या.

"बाबांची माणसं लाकूड आणून देतात दुकानात. आशीर्वादाचं म्हणून. फुकट." दाजी एका बुडख्यावर हात ठेवून उभे राहिले. "ही... ही समोर झुकली नव्हती ना, बाई?"

"नव्हती. ज्यांनी बाबांकडे पाठ केली, ती कापली. उरली ती भक्त."

चमत्काराचं सगळं रहस्य इतकंच होतं. सगळं जंगल झिंगल्यासारखं कललं होतं. एका माणसाने त्यातली आपल्या बाजूची झाडं तेवढी ठेवली. आणि डोंगर धरून ठेवणारी मुळं नेमकी कापलेल्यांचीच होती.

आणखी वर एक भेग होती. आडवी, लांब, झुडपांत शिरलेली. दोन काठांमध्ये मुळं ताणलेली होती, तुटायला आलेली.

शेजाऱ्याने भेगेत खडा टाकला. खडा पडल्याचा आवाज आम्ही ऐकला नाही. शेजारी मागे सरकला आणि उगाचच हसला.

*

दाजींच्या दुकानात गल्ली जमली. बाईंनी आशीर्वादाच्या दोन फळ्या घेतल्या. सासूबाईंच्या उशाची बाटली मागवली. बाटलीत वर नितळ पाणी आणि तळाला पांढरा गाळ बसला होता.

"दूध उभं राहिलं की काय होतं?" बाईंनी विचारलं.

"नासतं," ताई म्हणाली.

"हे निवळलं. म्हणजे ही माती. डोंगराच्या फळ्या एकमेकींवर घासताहेत, त्यांच्यामधली माती झऱ्यातून बाहेर येतेय. तुम्ही डोंगराचं वंगण पिताय."

"ई," मागून कुणीतरी म्हणालं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

बाईंनी तो गाळ एका फळीवर फासला, वर दुसरी फळी ठेवली, दोन्ही तिरक्या केल्या आणि खाली पाचर लावली. वरच्या फळीवर ताईची दोऱ्याची रिळं उभी केली. "ही झाडं. ही पाचर म्हणजे पायथा." आणि पाचर थोडी थोडी ओढू लागल्या. फळी इंचाइंचाने सरकली. रिळं कलली.

"बघा, नमस्कार करताहेत," बाई म्हणाल्या. "माझ्यात काय कमी आहे? मलाही गादी द्या."

पाचर निघाली. फळी सटकन खाली आली आणि रिळं दुकानभर पसरली.

तेवढ्यात बाबा आले. कुणीतरी बोलावून आणलं होतं. असे लोक सगळीकडे असतात.

"बाई, पुस्तकातला डोंगर मेलेला असतो," बाबा गोड हसत म्हणाले. "आमचा जिवंत आहे."

"जिवंत आहे ना? मग चालत असेल."

"चालतो! भक्ताकडे चालत येतो!"

"तेच म्हणते मी. अंगावर येतोय."

गर्दी चुळबुळली. पण फळ्या, गाळ, भेग, कशानेही ती पुरती हलली नव्हती. बाबा हसत राहिले असते तर ती पुन्हा त्यांच्या मागे गेली असती, याबद्दल मला अजूनही शंका नाही.

"तुझा ओळंबा कुठाय रे?" बाई दाजींना म्हणाल्या. "लाव तुझ्या दाराला."

दाजींनी चौकटीच्या वरच्या टोकाला दोरी धरली आणि लोखंडी गोळा खाली सोडला. तो हलला, डुलला, थांबला. वर दोरी चौकटीला चिकटलेली. खाली गोळा चौकटीपासून चांगला चार बोटं दूर.

सगळे त्या फटीकडे बघत राहिले. बाबांनाही ती दिसली. आणि तिथे त्यांची जीभ घसरली.

"चौकटच वाकडी बसवली आहे," ते म्हणाले. "सुतार कच्चा, त्याला डोंगर काय करील?"

"काय म्हणालात?" दाजी म्हणाले.

"अरे, होतं असं. माणूसच..."

"मी वाकडी बसवली? माझ्या बापाने बसवली ती पण वाकडी?" दाजी ओळंबा घेऊन रस्त्यावर धावले. शेजारच्या दाराला लावला. चार बोटं. पलीकडच्या दाराला लावला. चार बोटं, त्याच बाजूला. मागून अख्खी गल्ली.

"आता एकच ठरवा," बाई म्हणाल्या. "एक तर हा सुतार आणि याचा बाप सगळ्या गल्लीत मोजून एकाच बाजूला वाकडे आहेत, नाहीतर गल्ली कलली आहे."

सासूबाई पुढे आल्या. बाबांच्या अगदी जवळ गेल्या.

"माझ्या पोराचं काम वाकडं?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातचं वाकडं?" मग ताईकडे वळल्या. "सूनबाई, भांडी बांध."

आमच्या घरात विवेकाचा विजय झाला तो असा. गाळ चालला नाही, भेग चालली नाही. मुलाच्या रंध्याचा अपमान झाला तेव्हा म्हातारीचे गुडघे खरोखर हलके झाले. मला त्याचा अभिमान नाही, पण ती त्या भिंतीखालून उठली हे खरं.

*

गल्ली रिकामी झाली. दाजींनी आशीर्वादाचे ओंडके दुकानातून ओढून काढले, ताई आणि बाईंनी ते रस्त्यावर आडवे टाकले आणि बसा परत धाडल्या. भक्तांनी दोघींना मनसोक्त शिव्या दिल्या.

मग एका लख्ख उन्हाच्या दुपारी, पाऊस नाही, वारा नाही, डोंगर खाली आला. आधी मुळं तुटल्याचा कडकडाट झाला. मग झाडं उभीच्या उभी, मातीसकट, मंडपावरून आणि गल्लीवरून गेली. धुरळा बसल्यावर ताईच्या घराच्या जागी दगड होते. माणूस एकही गेला नाही.

डोंगरबाबा आता दुसऱ्या गावी असतात. तिथले डोंगर मजबूत आहेत, त्यामुळे झाडं वाकत नाहीत. तिथे ते पाण्यावर दिवे लावतात. गर्दी चांगली असते.

तर हात जोडून सांगतो, एवढ्यापुरते जोडतो. दार अडकलं तर तासू नका. आधी विचारा, का अडकलं. बॉबिन घरंगळली तर विचारा, का घरंगळली. चमत्कार बघायला डोंगर चढायची परवानगी नसेल, तर चढाच. उत्तर बहुतेक वेळा वर बुडख्यांत असतं. आणि त्यासाठी आपल्या सुताराच्या अपमानाची वाट बघू नका. दर वेळी बुवा इतका मूर्ख निघेल असं नाही.

बाबांच्या झोपायच्या खोलीचं दार दाजींनीच बसवलं होतं, ओढ्यापलीकडच्या पक्क्या खडकावर, आणि त्याला कधी रंधा मारावा लागला नाही.