नंबर माझाच द्यायचा होता

मी सोमलिंगअप्पांचा बटणांचा मोबाइल बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरीच माणसं बोलतात, मला कोणी काही विचारत नाही. म्हणून आज सांगून टाकतो.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. केजच्या बाजारात, कव्हरं आणि चार्जर टांगलेल्या एका दुकानातून अप्पांनी मला उचललं. अप्पांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान. वरच्या खिशात, गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाशेजारी माझी जागा. सात वर्षं मी तिथे सुखात होतो. दिवसाला चार फोन, त्यातला एक घरून महादेवीबाईंचा, "जेवाया येताव न्हवं?"

मग अप्पांनी घर बांधायचं काढलं आणि माझी झोप उडाली.

ते राहत होते त्या भाड्याच्या घराच्या मालकाकडे लग्न निघालं होतं. अक्षय तृतीयेला खोल्या मोकळ्या करून देतो, असा शब्द अप्पा देऊन बसले. गावाच्या कडेला स्वतःचा प्लॉट होता. बांधकाम परवाना आला की निदान दोन खोल्या तरी उभ्या राहतील, असं ठरलं.

परवान्याचा अर्ज इंजिनिअर रुद्रेशने त्याच्या कॉम्प्युटरवर भरला. शेवटी तो म्हणाला, "अप्पा, मोबाइल नंबर सांगा. सगळे मेसेज तेच्यावरच येतेत."

मी खिशात सावरून बसलो. अप्पा जरा थांबले आणि म्हणाले, "मोहनरावांचा टाक. मोठ्या मानसाचा नंबर दिसला की फाइल पळती."

मोहनराव म्हणजे युसूफ वडगावचे पुढारी, अप्पांचे जुने गिऱ्हाईक. त्यांना विचारायचं तर सोडाच, नंतर कळवलंसुद्धा नाही. त्यांचा नंबर अप्पांना तोंडपाठ होता, माझा नव्हता. मला ते फार लागलं. अजून लागतं.

त्या दिवसापासून मला चैन नाही. मेसेज आला की मोहनराव आपणहून फोन करतील, अशी अप्पांची समजूत. त्यामुळे घटकेघटकेला मला बाहेर काढायचं, बटण दाबायचं, उजेड बघायचा, परत आत. जेवताना ताटाशेजारी मी. दाढी करताना आरशापुढे मी. एकदा मी वाजलो तर अप्पा तोंडाला साबण लावलेले धावत आले. पलीकडून एक मुलगी मंजूळ आवाजात कॉलर ट्यून विकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आवं, कचेरीत जाऊन इचारा की एकदा," महादेवीबाई म्हणायच्या.

"मोहनरावांचा नंबर हाय म्हनल्यावर कशाला जायाचं? इस्वास न्हाई असं दिसंल."

"मग मोहनरावांलाच फोन करा."

"मोठ्या मानसाला सारखा तरास द्यावा का?"

फाल्गुन सरला, चैत्र लागला. एक दिवस अप्पा आंघोळीला गेलेले असताना महादेवीबाईंनी त्यांच्या सदऱ्यातून मला काढलं, अर्जाची पावती घेतली आणि थेट नगरपंचायत गाठली.

खिडकीतल्या संगीता मॅडमनी पावतीवरचा नंबर घालून बघितलं. "काकू, त्रुटी निघालती. नकाशावर मागच्या मोकळ्या जागेचं माप टाकायचं राहिलंय. तीस दिवसांत टाकायचं होतं. तीन मेसेज गेलेत. उत्तर न्हाई, म्हणून अर्ज नामंजूर झाला."

एका मापाचं काम. रुद्रेशने पाच मिनिटांत केलं असतं.

बाईंनी तिथूनच माझ्यावरून मोहनरावांना फोन लावला. ते बिचारे गोंधळले. "वहिनी, मला रोज शे-दोनशे मेसेज येतेत. वाढदिवसाचे, सत्काराचे. मी कवाच बघत न्हाई. मला आधी सांगायचं तरी."

बाईंनी फोन ठेवला. मला पदराखाली घट्ट धरून घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज. रुद्रेशने नंबर विचारला. अप्पांनी तोंड उघडायच्या आत बाईंनी मला टेबलावर ठेवलं. "ह्येचा घे." अप्पांना माझा नंबर सांगता येईना, म्हणून रुद्रेशला मिस कॉल दिला. मी त्या दिवशी खूष असायला हवं होतं. पण अक्षय तृतीया बारा दिवसांवर आली होती.

दिलेला शब्द अप्पांनी पाळला. आता आम्ही प्लॉटवर राहतो. चार पत्रे, आत दोन खाटा, भांड्यांची पोती. दुपारी पत्रा इतका तापतो की बाई पलीकडच्या कडुलिंबाखाली स्वयंपाक करतात. त्याबद्दल त्या अप्पांना एका शब्दाने टोचत नाहीत. दर सोमवारी मात्र मला घेऊन कचेरीत जातात आणि अर्ज कुठवर आला ते बघून येतात.

मी आता थकलोय. बॅटरी फुगलीय, पाठ बंद होत नाही, रंग तर केव्हाच उडाला. बोलता बोलता मी मधेच बंद पडतो आणि दर वेळी छातीत धस्स होतं, नेमका आत्ताच मेसेज आला तर?

अप्पा, तुम्ही दुसरा मोबाइल खुशाल घ्या. मला भंगारात द्या, मी रुसणार नाही. फक्त माझ्या पोटातलं ते नखाएवढं कार्ड आधी काढून घ्या आणि नव्यात बसवा. महादेवीबाईंच्या घराचा मेसेज त्याच नंबरवर यायचा आहे.