भिंतीपलीकडचा टीव्ही

जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचं मोनानं ठरवलं होतं, पोत्यातसुद्धा भरून ठेवला होता. पण रविवारी तिच्या नवऱ्यानं, उदयसिंहनं, पोतं सोडलं, आतली धूळ फुंकली, नवी हार्ड डिस्क बसवली आणि त्याचा घरचा मीडिया सर्व्हर करून टाकला. घरातले सगळे फोटो, हँडीकॅमवरचे व्हिडिओ त्या एका डब्यात गेले. वायफायवरच्या कुठल्याही टीव्हीवर लावा आणि बघा. मोना आपल्या हळदीचा व्हिडिओ बघून खूश झाली.

कोण काय बघतंय हे उदयसिंहला मोबाइलवर दिसायचं. मंगळवारी दूध संघातनं घरी आल्यावर चहा पिता पिता त्यानं सहज बघितलं. त्याचा टीव्ही बंद होता आणि दुसराच चालू होता: ‘सम्राट हॉल’.

सम्राट त्याचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली, कळंब्यातल्या घराच्या मधोमध भिंत आली आणि बोलणंही बंद झालं. वायफाय उदयसिंहकडं राहिलं, त्याचा पासवर्ड मात्र बदलायचा राहून गेला होता.

“आमचं नेट फुकटात वापरतोय व्हय!”

“मग बदला की पासवर्ड,” मोना म्हणाली. “मी कवाधरनं सांगतीया.”

त्याचं बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. सम्राट बघत होता तो घर बांधतानाचा व्हिडिओ. त्यात त्यांचे वडील, आण्णा, नव्या भिंतींवर पाणी मारत होते. आण्णा जाऊन तीन वर्षं झाली होती. व्हिडिओ एका जागी थांबला, मागं गेला, पुन्हा तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशीही तेच. उदयसिंहला काही सुचेना. जेवताना मोबाइल, आंघोळीला जाताना मोबाइल. शेवटी त्यानं तो व्हिडिओ स्वतः लावला आणि त्याच जागी थांबवला. आण्णा धोतर खोचून, हातात पाइप धरून हसत होते.

“आण्णांची आठवण येतीया त्याला,” तो मोनाला म्हणाला आणि उठून अंगणात गेला. फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. चप्पल घालायचा, काढायचा.

“जायाचं तर जावा की एकदाचं!” मोना आतनं ओरडली.

तसा तो गेला.

सम्राटनं दार उघडलं. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलानं भरलेले.

“दादा? तू?”

“आण्णांचा व्हिडिओ बघतोयस न्हवं?” उदयसिंहनं दारातनंच विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“दिसतंय मला. माझ्याच सर्व्हरवर हाय त्यो.”

सम्राट ओशाळला. मग म्हणाला, “ड्रेनेजची लाइन शोधतोय, दादा. मोरीत घाण पाणी वर यायला लागलंय. पाइप कुठनं गेलीया कुणाला ठाऊक? व्हिडिओत मागं चर खणलेली दिसतीया, पण नेमकं आण्णाच आडवं उभारल्यात.”

दोन दिवस उदयसिंह काय काय मनात घेऊन बसला होता, त्याची त्यालाच लाज वाटली आणि मग रागच आला.

“मला इचारायला काय झालंतं? ती लाइन मी उभारून घालून घेतलीया!”

“बोलणं कुठं हाय आपलं?”

“मग हे काय चाललंय? टिकाव कुठाय?”

पाइप कुठं वळते यावरनं दोघांची तिथंच जुंपली. उदयसिंह म्हणाला तिथं खणलं, तर नुसता मुरूम. हातभर पुढं खणल्यावर पाइप लागली. फुटली होती ती बरोबर मधल्या भिंतीखाली. पाया घेताना गवंड्याचा घाव बसला असणार. खालच्या विटा काढल्याशिवाय इलाज नव्हता. त्या दोघांनी मिळूनच काढल्या आणि पाइप जोडायला प्लंबर बोलावला. वाटणीचा विषय कुणी काढला नाही. उदयसिंहला दोनदा वाटलं काढावा, पण प्लंबर शेजारीच बसला होता.

काम झाल्यावर भोक बुजवायला सम्राटनं सिमेंट कालवायला घेतलं. खाली बघतच तो म्हणाला, “तुझं ते सर्व्हर लई अडकतंय. मधीच चक्र फिरत बसतंय.”

“भिंत हाय मधी. वायफाय पोचत न्हाय नीट.”

“मग?”

उदयसिंह घरात गेला. खोक्यात उरलेली नेटची वायर शोधून आणली, एक टोक सर्व्हरजवळ ठेवलं, दुसरं भोकातनं पलीकडं सारलं आणि म्हणाला, “वड.”

वायर सरसर निघून गेली आणि ताणून थांबली.

“अजून सोड की!” सम्राट पलीकडनं ओरडला. “टीव्हीपतोर येत न्हाय!”